पगारवहीत भेटलेली पणजी

आधी हे सांगूनच टाकते, म्हणजे पुढचं सुचेल: ती सापडली! माझ्या नवऱ्याची पणजी. जिच्याबद्दल सासरी ‘ती लग्नाआधी कुठल्यातरी मोठ्या घरी कामाला होती म्हणे’ एवढं एकच वाक्य शिल्लक होतं, ती मला डर्बीशायरमधल्या एका जमीनदाराच्या पगारवहीत सापडली, १९११ सालच्या पानावर, स्वतःच्या सहीसकट! काळ्या शाईची सही. पहिलं अक्षर उंच आणि जपून काढलेलं, शेवटच्या अक्षराची शेपटी मात्र रकान्याची रेघ ओलांडून पार पुढे गेलेली. शेजारी रक्कम, चार पौंड. तीन महिन्यांचा पगार. तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे, आणि आता तुम्हीही सापडलात.

मी मूळची रावेरकडची, केळीच्या बागांतली. लग्न होऊन शेफिल्डला आले. आपल्याकडे कुळाचा शोध म्हणजे त्र्यंबकेश्वर. तिथले उपाध्याय वही काढतात, गाव आणि आडनाव विचारतात आणि खापरपणजोबांपर्यंतची नावं धडाधड वाचून दाखवतात. इंग्लंडातल्या वंशावळी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लॉर्ड आणि ड्यूक येतात, ढालीवरचे सिंह येतात. पण या देशात जमीनदाराची भांडी घासणाऱ्या पोरीचा माग काढता येतो, तिचं गाव, वय, पगार, ती कधी लागली आणि कधी सोडून गेली हे सगळं कळू शकतं, हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? १९११ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकामाच्या नोकरीत सुमारे तेरा लाख माणसं होती, आणि त्यांत बहुतेक सगळ्या बायका आणि पोरी. म्हणजे इथल्या जवळजवळ प्रत्येक घराण्यात अशी एक तरी पणजी असणारच!

सासूबाईंना ती अंधुक आठवते, कारण त्यांची ती आजी. नोकरीबद्दल विचारलं की आजी विषय बदलायची, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरी राबण्याची लाज त्या पिढीतल्या पुष्कळ बायकांनी मनात धरली आणि मुलाबाळांना काही सांगितलं नाही. सासूबाईंकडून मला तिचं माहेरचं नाव मिळालं आणि लिंकनशायरमधल्या तिच्या गावाचं नाव मिळालं. बस, तेवढ्यावर निघाले.

पहिला दरवाजा जनगणनेचा. ब्रिटनमध्ये १८०१ पासून, १९४१ चा अपवाद सोडला तर, दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि १८४१ पासून माणसांच्या नावांसकट तिचे कागद जपलेले आहेत. १८५१ पासून तर घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगावही लिहिलेलं मिळतं. शंभर वर्षं झाली की कागद सगळ्यांसाठी खुले होतात. १९२१ चे २०२२ मध्ये झाले. त्यातही १९११ ची गंमत और आहे. त्याआधी घरोघरी भरलेले तक्ते प्रगणकाच्या वहीत उतरवून घेत आणि नष्ट करत. १९११ चे मूळ तक्तेच राहिले आहेत. म्हणजे २ एप्रिल १९११ च्या रात्री त्या घरात कोणीतरी टाक घेऊन बसून जे लिहिलं, तेच अक्षर आज तुमच्या पुढ्यात येतं!

मी नाव टाकलं, वय टाकलं, गाव टाकलं. पान उघडलं. सर्वांत वर मालक आणि मालकीण, मग मुलं, मग पाहुणे, आणि त्यांच्या खाली हाउसकीपर, स्वयंपाकीण, मालकिणीची खास मोलकरीण, बटलर, फूटमन, पहिली हाउसमेड, दुसरी हाउसमेड, आणि तिसरी... आमची! वय १९, अविवाहित, जन्मगाव लिंकनशायर. मी खुर्चीतून उठून घरभर फिरले. नवऱ्याला ऑफिसात फोन केला, त्याला मीटिंगमधून बाहेर बोलावलं आणि फोनवरच ओरडून सांगितलं.

मग प्रश्न पडला: लिंकनशायरची पोर एवढ्या लांब कशी? हे कोडं उलगडताना तर मी थक्क झाले. मोठ्या घरांतले मालक आपल्याच गावातल्या मुली आतल्या कामाला घ्यायला नाखूश असत. घरातल्या गोष्टी गावभर होतात, पोरीचा जीव माहेराकडे धावतो, ओळखीतला कोणी तरुण मागच्या दाराशी घुटमळतो. म्हणून लांबच्या जिल्ह्यातल्या मुली शोधायच्या. वर्तमानपत्रांत जाहिराती असत, नोकर पुरवणाऱ्या कचेऱ्या असत. आधीच्या मालकिणीचं चांगल्या चालचलणुकीचं पत्र लागे, आणि ते खोटं देणं १७९२ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलेला होता. मुली वर्ष-दोन वर्षांनी घरं बदलत, कारण तिसरीची दुसरी आणि दुसरीची पहिली व्हायचं तर बहुधा नवं घरच गाठावं लागे. पहिल्या नोकरीला जाताना छापील कापडाचे सकाळचे झगे, दुपारचा काळा पोशाख, एप्रन, टोप्या हे सगळं मुलीनं स्वतःच्या पैशानं शिवून एका पेटीत भरून न्यायचं. बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या आईनं ते पैसे कसे जमवले असतील, याचा विचार मनातून जात नाही.

माग काढताना लागणाऱ्या दोन-तीन खुणा सांगते, कारण त्या कळल्या तेव्हा मला अगदी किल्ली मिळाल्यासारखं झालं. मोठ्या घरांतून फूटमनना सर्रास जॉन किंवा जेम्स अशी ठरलेली नावं देत, माणूस बदलला तरी हाक तीच. स्वयंपाकीण आणि हाउसकीपर अविवाहित असल्या तरी त्यांना ‘मिसेस’ म्हणत, त्यामुळे नसलेला नवरा शोधत बसू नका. मालक मंडळी लंडनच्या घरी गेली की निम्मे नोकर त्यांच्याबरोबर जात, म्हणून माणूस गावाकडच्या हवेलीत दिसला नाही तर त्याच कुटुंबाचं लंडनचं घर बघा. १८४१ च्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत, तेव्हा १९ ची पोर तिथं १५ ची दिसू शकते. आणि लग्न झालं की बाईची नोकरी संपे, म्हणून लग्नाच्या दाखल्यात नवरीच्या व्यवसायाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो. तो कोरा रकाना बघून ‘ही काहीच करत नव्हती’ असं समजू नका!

आता पगारवहीकडे येते. या जमीनदारांची कागदपत्रं, म्हणजे खंडाच्या वह्या, किराण्याची बिलं, मजुरीचे तक्ते, पगाराच्या नोंदी, आज बहुतांशी जिल्ह्याजिल्ह्याच्या अभिलेखागारांत आहेत. डर्बीशायरचं मॅटलॉकला आहे. तिथं पेन आत नेता येत नाही, फक्त शिसपेन्सिल. वही फोमच्या उतरत्या उशीवर ठेवायची, पानं उलटू नयेत म्हणून मण्यांची जड माळ त्यावर ठेवायची. कोणीही जाऊन बसावं. जुजबी ओळखपत्र दाखवलं की झालं. माझ्या शेजारी एक निवृत्त खाणकामगार आपल्या आजोबांच्या मागावर होता, आणि माझ्या तोंडून ‘अगं बाई!’ निघालं तेव्हा त्यानं काही न विचारता हात पुढे करून हस्तांदोलन केलं.

वही लांबट, तांबड्या रेघांची. नाव, काम, लागल्याची तारीख, वार्षिक पगार, वजावट, हाती दिलेली रक्कम, सही. पगार तिमाहीचा: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि नाताळ. तिसऱ्या हाउसमेडला वर्षाला १६ पौंड. मिसेस बीटन यांचं घरव्यवस्थापनाचं जे प्रसिद्ध पुस्तक १८६१ मध्ये निघालं, त्यात हाउसमेडचा पगार वर्षाला साधारण १२ ते २० पौंड दिला आहे. म्हणजे पन्नास वर्षांनंतरही आमची पणजी त्याच पट्ट्यात! जेवणखाण आणि माळ्यावरची खोली वेगळी, पण चोवीस तास बांधलेले.

आणि काम काय? पहाटे मालक उठायच्या आत दिवाणखान्यातली राख काढायची, शेगडीच्या लोखंडाला काळं ग्रॅफाइट चोळून ते चकचकीत करायचं, नव्यानं विस्तव पेटवायचा. गालिच्यावर भिजलेली वापरलेली चहापत्ती पसरून मग झाडायचं, म्हणजे धूळ उडत नाही. पितळी घागरीतून गरम पाणी जिने चढून प्रत्येक निजायच्या खोलीत न्यायचं आणि वापरलेलं खाली आणायचं. तेही मागच्या अरुंद जिन्यानं, कोणाच्या नजरेस न पडता. १९११ च्या तक्त्यात घरातल्या खोल्यांची संख्याही विचारलेली आहे, आणि आमच्या तक्त्यात तो आकडा पन्नासच्या वर आहे. तो वाचला आणि चार पौंडांकडे पुन्हा बघितलं.

याहून जुन्या काळातला पूर्वज असेल तर निराश होऊ नका, उलट खजिना मोठा आहे. १६९० च्या दशकापासून एक नियम होता: अविवाहित माणसानं एखाद्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, सलग वर्षभर नोकरी केली की त्याला तिथलं रहिवासीपण मिळे, आणि पुढे अडचणीत आला तर त्या पॅरिशनं त्याला पोसायचं. म्हणून कोणी मदत मागायला आला की न्यायाधीशांसमोर त्याची जबानी होई: कुठं जन्मलास, कोणाकडे किती दिवस होतास, पगार काय, वर्ष पुरं केलंस का? अक्षरही न गिरवलेल्या गड्याचं अख्खं आयुष्य त्या कागदावर उतरलेलं असतं! काही मालक वर्षाला आठवडा कमी ठेवून गडी लावत, म्हणजे हक्क लागू होऊ नये. १८३४ च्या कायद्यानं नोकरीवरून मिळणारा हा हक्क संपला. शिवाय १७७७ पासून पुरुष नोकर ठेवण्यावर माणशी एक गिनी कर होता, अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भागवायला बसवलेला, आणि तो या ना त्या रूपात थेट १९३७ पर्यंत चालला. बायकांवरचा १७८५ ते १७९२ एवढाच टिकला.

नंतर आम्ही वेल्समधल्या रेक्समजवळच्या अर्डिगला गेलो, आणि तिथं माझं भानच हरपलं. यॉर्क घराण्याची ही हवेली १९७३ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथं पाहुण्यांना दर्शनी दारानं नेत नाहीत, तबेले, धुणीघर, स्वयंपाकघर असं नोकरांच्या वाटेनं आत नेतात. नोकरांच्या जेवणघरात भिंतीवर तैलचित्रं आहेत, आणि ती नोकरांची! मालक फिलिप यॉर्क यांनी १७९० च्या दशकात सुतार, शिकारीच्या रानाचा राखणदार, स्वयंपाकघरातला गडी यांची चित्रं काढून घेतली आणि प्रत्येकावर स्वतः पद्यं रचली. त्यांत जेन एब्रेल आहे, जुनी हाउसमेड, कोळिष्टकं झाडणारी, १७९३ मध्ये चित्र काढलं तेव्हा ८७ वर्षांची. मी तिच्यासमोर उभी राहिले, आणि आमच्या पणजीच्या आधीच्या किती बायका, असं मनात येत राहिलं. पुढच्या पिढ्यांनी नोकरांचे फोटो काढून घेतले, हातात आपापल्या कामाची हत्यारं देऊन. सगळ्या देशात असं दुसरं घर नाही म्हणतात. म्हणूनच पगारवह्यांचं मोल मोठं: यॉर्कांसारखा जिव्हाळा क्वचितच, पण हिशेब प्रत्येक घराला ठेवावा लागला, आणि त्या हिशेबापायीच माणसं आज हाताला लागतात.

शेफिल्डहून जवळ चॅट्सवर्थ, ड्यूक ऑफ डेव्हनशायरची इस्टेट. तिथल्या कागदांतून १७०० ते १९५० पर्यंतच्या नोकरवर्गाचा अभ्यास शेफिल्ड विद्यापीठाच्या मदतीनं झाला आहे. तिथंच १८२६ च्या मे महिन्यात जोसेफ पॅक्स्टन नावाचा २२ वर्षांचा माळी पहाटे साडेचारला येऊन पोचला, फाटक बंद म्हणून चढून आत गेला, सगळी बाग फिरला, सहाला माणसांना कामाला लावलं आणि हाउसकीपरकडे न्याहारीला गेला तर तिच्या भाचीच्या प्रेमात पडला. पुढे तिच्याशीच लग्न केलं. त्याच पॅक्स्टननं १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. पण माझ्यासाठी बातमी ही की १८३० च्या दशकात त्यानं काचेच्या उबदार घरात एक बुटकी केळ वाढवली, तिला फळं आणली आणि मालकाच्या आडनावावरून ती कॅव्हेंडिश झाली. अहो, आमच्या रावेर-यावलच्या शिवारात आज जी जी-नाईन डोलते आहे, ती याच कॅव्हेंडिश गटातली! त्या रात्री वडिलांना फोन लावून हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ ‘माळ्यानं? माळ्यानं?’ एवढंच म्हणत राहिले.

हवेल्यांतल्या नोकरांच्या अशा गोष्टी आणखीही सापडल्या. लेखक एच. जी. वेल्स यांची आई ससेक्समधल्या अपपार्क हवेलीत मालकिणीची दासी होती, वडील तिथंच माळी, आणि १८८० पासून आई तिथली हाउसकीपर. हॅना कलविकसारखी श्रॉपशायरची मोलकरीण तर रोजनिशी लिहून गेली, किती जोडे पुसले, किती शेगड्या साफ केल्या इथपासून. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ती रोजनिशी ठेवलेली आहे. मिळेल तिथून वाचा.

आणि मग मी आपल्या बायकांकडे वळले. मुंबईहून बोटीनं साहेबाच्या मुलांना सांभाळत विलायतेला येणाऱ्या आया. त्यांतल्या कित्येकींना इथं पोचल्यावर काम संपलं म्हणून सोडून दिलं जाई, परतीच्या तिकिटाचा पत्ता नसे. लंडनच्या हॅकनी भागात त्यांच्यासाठी आयाज होम होतं. १९०० पासून ते किंग एडवर्ड्स रोडवर होतं, आणि २०२२ मध्ये तिथं निळी स्मृतिपाटी लागली. मी मोठ्या उमेदीनं प्रवाशांच्या याद्या उघडल्या. आणि तिथं काय? अमक्या मेमसाहेबांची आया. तमक्या मेमसाहेबांची आया. नाव नाही, गाव नाही. त्याच काळातल्या तिसऱ्या हाउसमेडची सही मी बोटाखाली बघून आले होते, आणि समुद्र ओलांडून आलेल्या बाईचं साधं नावसुद्धा लिहावंसं कोणाला वाटलं नाही. याचा राग मला आला आणि तो अजून आहे.

पण हा राग घेऊन मी आपल्याकडे बघितलं तेव्हा नव्यानं उत्साह चढला, कारण आपल्याकडे कागद आहेत! तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकं आहेत, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा, जुनी पानं मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात ती बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली ते आपण पाहिलंच. शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल आहेत, आणि त्यांत वाड्यावरच्या शागीर्दपेशाचे, म्हणजे नोकरचाकरांचे, हिशेबही आहेत.

आणि आमच्या खानदेशात तर प्रत्येक बागायतदाराच्या घरी एक वही असतेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभरासाठीचा शेतगडी, म्हणजे सालदार ठरतो, त्याचं साल किती, उचल किती, धान्य किती, कपड्याचे जोड किती, हे आजोबांनी लिहून ठेवलेलं असतं. माझ्या माहेरच्या अशा वह्या मी या दिवाळीत वडिलांकडून काढून घेणार आहे. ज्यांच्या घरी अशा वह्या माळ्यावर पडल्या असतील, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढा, अंगठ्यांचे आणि सह्यांचे जवळून घ्या, आणि त्या सालदारांची नातवंडं गावात किंवा पुण्या-सुरतेला जिथं असतील तिथं त्यांना नेऊन द्या. तो कागद त्यांचा आहे.